थेंबांची वही

(दृश्य : करवतीनं उभी कापलेली कार्ट्रिज. आत स्पंज, अर्ध्यापर्यंत निळा.)

इंकजेट, म्हणजे शाईचे थेंब फेकून छापणाऱ्या प्रिंटरची कार्ट्रिज म्हणजे शाईची छोटी टाकी असणार, असा आपला समज. कापल्यावर निघतो हा भिजलेला बोळा. नुसती शाई साठवायची असती, तर रिकामा डबा पुरला असता, आणि त्यात मावलीही जास्त असती. स्पंज घातलाय तो शाईला मागे ओढून धरायला.

का ओढून धरायची, ते कळायला तळाशी जावं लागतं.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली नोझलची रांग.)

ही भोकं साधारण वीस मायक्रॉनची. माणसाचा केस याच्या तीन-चार पट जाड असतो. प्रत्येक भोकाच्या तोंडाशी शाई थबकली आहे, पृष्ठभाग किंचित आत वळलेला, वाटीसारखा. शाईचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जरासा वाढला, की ही वाटी उलटी होते, शाई हेडच्या, म्हणजे ही भोकं असलेल्या भागाच्या, पट्टीवर पसरते आणि शेजारच्या रंगात जाते. दाब फारच उतरला, तर भोकातून हवा आत घुसते. इतक्या बारीक भोकातून हवा ओढायला साठ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याइतकी ओढ लागते, हे कागदावरचं गणित. पण सर्रकन इकडून तिकडे धावणाऱ्या, सेकंदाला हजारो थेंब फेकणाऱ्या हेडला एवढी ढील देता येत नाही. म्हणून दाब हवेपेक्षा काही सेंटिमीटरच कमी ठेवायचा, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तसाच टिकवायचा. इंकजेटमधली निम्मी कारागिरी या वाक्यात आली.

एचपीचा १९८४ चा थिंकजेट शाई एका लहानशा रबरी फुग्यात ठेवायचा. नंतरच्या मोठ्या काळ्या कार्ट्रिजमध्ये आली स्प्रिंगची पिशवी : दोन पातळ पडद्यांमध्ये धातूच्या पट्ट्या, आणि त्यांना बाहेर ढकलणारी स्प्रिंग. शाई संपत जाते तशी पिशवी चपटी होते, स्प्रिंग विरोध करत राहते. त्या विरोधातूनच हवी ती ओढ मिळते.

(दृश्य : दोन कप्प्यांची कार्ट्रिज, पारदर्शक बाजूनं.)

कॅनननं यातून काढलेला तोडगा पाहायला सगळ्यात सुंदर आहे. एका कप्प्यात स्पंज, दुसऱ्यात मोकळी शाई. मधली भिंत तळापर्यंत टेकत नाही, खाली बारीक फट आहे. स्पंजच्या कप्प्याला वर हवेचं छिद्र, मोकळ्या शाईचा कप्पा मात्र पूर्ण बंद. स्पंजमधली शाई खाली उतरत फटीपाशी आली, की फटीतून हवेचा एक बुडबुडा पलीकडे सरकतो आणि त्याच्या बदल्यात तेवढी शाई स्पंजमध्ये येते. हा पाहा, गेला. थोड्या वेळानं दुसरा. झडप नाही, मोटर नाही.

रिफिल करणाऱ्यांची गाडी इथेच अडते. मोकळ्या कप्प्याला वरून भोक पाडलं, सिरिंजनं शाई भरली आणि भोक नीट बंद केलं नाही, तर हा कप्पा हवाबंद राहत नाही. मग शाई बुडबुड्याची वाट पाहत नाही. ती थेट स्पंजमध्ये उतरते, स्पंज तुडुंब होतो आणि तळाच्या तोंडातून गळायला लागतो. दोष शाईचा नसतो, बुचाचा असतो. स्पंज भरतानाही हात आवरायचा. वरचा थोडा भाग कोरडा सोडायचा, नाहीतर हवेच्या छिद्रातूनच शाई बाहेर येते. आणि भरण्याआधी शाई डायची (विरघळलेल्या रंगाची) की पिग्मेंटची (बारीक रंगकणांची), हे पाहायचं. अनेक प्रिंटरमध्ये मजकुराची काळी शाई पिग्मेंटची असते आणि बाकीचे रंग डायचे. दोन्ही एकत्र झाल्या, तर गाठी धरून नोझल कायमची बुजू शकते.

(दृश्य : कार्ट्रिजच्या माथ्यावरचं लेबल सोलताना. खाली प्लास्टिकवर कोरलेली नागमोडी खाच.)

या लेबलाखालच्या नागमोडी खाचेकडे फारसं कोणी पाहत नाही. हा हवेचा रस्ता. सरळ भोक ठेवलं असतं, तर शाईतलं पाणी महिन्याभरात उडायला लागलं असतं. रस्ता लांब आणि अरुंद केला, की हवा आत येते, वाफ मात्र सहज बाहेर पडत नाही. नव्या कार्ट्रिजवरची पिवळी किंवा नारिंगी पट्टी याच रस्त्याचं तोंड झाकते. ती काढायची राहिली, तर पहिली काही पानं झकास येतात, मग रंग फिका पडतो, मग पांढरे पट्टे. प्रिंटर तासभर बंद ठेवला की पुन्हा थोडं नीट येतं. ही खूण ओळखता आली, तर हेड बदलण्याचा खर्च वाचतो.

(दृश्य : अतिवेगवान कॅमेरा. नोझलमधून सुटणारा थेंब, मागे शेपटी.)

थेंब. एक ते तीस पिकोलिटर, मॉडेलप्रमाणे. पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. थर्मल हेडमध्ये शाईखालचा इवलासा हीटर काही मायक्रोसेकंदांत तीनशे अंशांच्या घरात तापतो, वाफेचा बुडबुडा फुगून थेंब बाहेर फेकतो, आणि बुडबुडा विरताच भोक मागून शाई ओढून घेतं. कॅननच्या इचिरो एंडो यांना १९७७ साली हे सुचलं ते तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजला लागून शाई उडाली तेव्हा. पिएझो हेडमध्ये तापवणं नाही. विजेनं वाकणारा पदार्थ शाईच्या कप्प्याला दाबतो. पण तिथे शाईत हवेचा एक बुडबुडा राहिला, तरी तो दाब बुडबुड्यातच जिरतो आणि थेंब सुटत नाही. म्हणून त्या शाईतली हवा आधीच काढलेली असते, आणि कार्ट्रिज निर्वात पाकिटात येते. पाकीट फोडून महिनोन्‌महिने कपाटात ठेवलं, तर एवढी सगळी मेहनत वाया.

(दृश्य : संगणकाचा पडदा. चार रंगीत पट्ट्या, एक जवळपास रिकामी.)

आता या पट्ट्या. जवळपास प्रत्येक प्रिंटर त्या दाखवतो आणि आपण त्यांच्यावर पेट्रोलच्या काट्यासारखा विश्वास ठेवतो. पण काट्यामागे टाकीत तरंगणारा गोळा असतो. या पट्ट्यांमागे बहुतेक वेळा काहीच तरंगत नाही. मागे असते एक वही.

हिशेब असा. दहा मिलिलिटर शाई, पाच पिकोलिटरचा थेंब, म्हणजे दोनशे कोटी थेंब. प्रिंटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत बसवलेला प्रोग्राम, प्रत्येक आदेशाची नोंद ठेवतं : इतके थेंब सोडले, इतकी शाई गेली. हेड साफ केलं की एक ठरलेला मोठा आकडा वजा. तापमान वाढलं की शाई पातळ होते आणि थेंब मोठा पडतो, म्हणून थोडी दुरुस्ती. बस. थेंब खरंच पडला का, नोझल बुजलेली होती का, हे साध्या प्रिंटरची वही विचारत नाही. सोडायला सांगितला, म्हणजे गेला. थेंबाच्या अंदाजात पाच टक्के चूक धरली, तरी दहा मिलिलिटरमध्ये अर्धा मिलिलिटर इकडचा तिकडे होतो. त्यात शाई अचानक संपून हेड कोरडं पडू नये, म्हणून हिशेब मुद्दाम हात राखून केलेला असतो. थर्मल हीटर शाईविना तापला तर जळतो आणि पिएझो हेडमध्ये हवा भरते, त्यामुळे हात राखणं चूक नाही. राखलेली शाई मात्र वापरणाऱ्यानं विकत घेतलेली असते.

डब्यात डोकावणारे प्रिंटर अजिबात नाहीत, असं नाही.

(दृश्य : कार्ट्रिजच्या तळाचा त्रिकोणी प्रिझम. लाल किरण आधी आरपार, मग झटकन परत.)

कॅननच्या अनेक कार्ट्रिजच्या तळाशी हा प्लास्टिकचा प्रिझम असतो. खालून इन्फ्रारेड प्रकाश येतो आणि तिरप्या बाजूवर पंचेचाळीस अंशांत आदळतो. आपल्याला दिसावा म्हणून इथे लाल लेझर लावला आहे. बाजूला शाई टेकलेली असली, तर प्रकाश शाईत शिरतो आणि हरवतो. शाई उतरून हवा आली, की तोच प्रकाश पूर्ण परावर्तित होऊन दोनदा वळतो आणि सेन्सरवर येतो. या प्लास्टिकचा अपवर्तनांक, म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्याचं माप, १.५ च्या जवळ, हवेचा १. त्यामुळे बेचाळीस अंशांपुढे किरण प्लास्टिक सोडूच शकत नाही. शाईशी गाठ असेल, तर ही हद्द साठच्या पुढे जाते. म्हणून पंचेचाळीस. पुन्हा पाहू : शाई आहे, अंधार. शाई गेली, उजेड.

एवढं अचूक यंत्र, पण सांगतं एकच गोष्ट : मोकळा कप्पा रिकामा झाला. स्पंजमध्ये किती उरली, ते पुन्हा वहीवरच.

ब्रदरच्या काही कार्ट्रिजमध्ये खरोखरच तरंगणारा दांडा आहे. शाई उतरली की तो खाली झुकतो आणि प्रकाशाच्या वाटेतून बाजूला होतो. एप्सनच्या काहींमध्ये तळाशी पिएझोची चकती थरथरवतात. भोवती शाई असताना आणि नसताना ती थरथर वेगळी उमटते.

(दृश्य : चिप, सोनेरी ठिपके, खूप जवळून.)

वही लिहायची कुठे? प्रिंटरमध्येच लिहिली, तर अर्धी वापरलेली कार्ट्रिज काढून दुसऱ्या प्रिंटरला लावली की तिथे ती भरलेली ठरेल. म्हणून कार्ट्रिजवरच्या या चिपवर. हे ठिपके वीज, घड्याळ-संकेत आणि माहितीच्या तारांचे. आत थोडीशी स्मृती : कार्ट्रिजचा प्रकार, रंग, बनवल्याची तारीख, आणि किती शाई खर्ची पडली तो आकडा. इथपर्यंत चिप कारकुनाचं काम करते.

पुढे हा कारकून दारावरचा शिपाईही होतो. बऱ्याच चिपवर आकडा एकाच दिशेनं सरकतो. शून्य झालं की झालं. कार्ट्रिज काठोकाठ भरून परत लावली, तरी वहीत ती रिकामीच. पुष्कळ प्रिंटर चिपची सांकेतिक ओळख तपासतात आणि पटली नाही, तर छापायला नकार देतात. फर्मवेअर अद्ययावत केलं की काल चालणारी पर्यायी कार्ट्रिज आज चालेनाशी होते, ती याच तपासणीमुळे. यावर बाजारात चिप रिसेटर आहेत : स्प्रिंगच्या पिना ठिपक्यांवर टेकवायच्या, दिवा बदलेपर्यंत धरायच्या, आकडा पूर्ववत. सगळ्या चिपना ते जमत नाही. कॅननच्या अनेक मॉडेलवर वेगळा मार्ग कंपनीनंच ठेवला आहे : सूचना आल्यावर स्टॉपचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं, त्या कार्ट्रिजची नोंदच बंद होते आणि छपाई चालू राहते. मग मात्र नजर स्वतःच ठेवायची.

२०२२ च्या जानेवारीत चिपचा जगभर तुटवडा होता, तेव्हा कॅननला आपल्या काही ऑफिस यंत्रांसाठी बिनचिपचे टोनर (शाईऐवजी वापरायच्या पुडीचे डबे) पाठवावे लागले. ती लेझर यंत्रं, इंकजेट नव्हेत. पण कंपनीनं ग्राहकांना सांगितलं ते ऐकण्यासारखं आहे : सूचना बाजूला सारा, छपाईच्या दर्जात फरक पडणार नाही, फक्त टोनरची पातळी नीट दिसणार नाही.

(दृश्य : वजनकाटा. पडद्यावर ‘रिकामी’ दाखवलेली कार्ट्रिज, शेजारी तीच कापून, धुऊन, वाळवून.)

खरी शाई मोजायची, तर स्वस्त साधन हे. नवी असताना वजन, काढल्यावर वजन, आणि कवच धुऊन वाळवून वजन. शाई पाण्याहून किंचित जड, म्हणून एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर. पडद्यावर शून्य होतं. काट्यावर शून्य नाही. ही कवचं उरलेल्या शाईसकट कचऱ्यात जातात.

(दृश्य : बाजूच्या पारदर्शक टाक्या. बाटलीतून शाई ओततानाचा घळघळ आवाज.)

एप्सननं २०१० मध्ये एल-मालिकेचे प्रिंटर आणले, आणि टाकी उघड्यावर आली. इथे चिपची गरज नाही, डोळ्यांना पातळी दिसते. दाबाचा नियम मात्र सुटलेला नाही. टाकीला हवा मिळते ती खालच्या बाजूच्या तोंडातून, त्यामुळे शाई कितीही असो, हेडला ओढ सारखीच जाणवते. कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्यासारखं. बाहेरून नळ्या जोडून केलेल्या व्यवस्थेत ही उंची आपणच राखायची : बाटल्यांमधली पातळी हेडच्या खाली, काही सेंटिमीटर. बाटल्या प्रिंटरच्या डोक्यावर ठेवल्या, तर रात्रभरात सायफननं शाई प्रिंटरच्या पोटात. फार खाली ठेवल्या, तर भरगच्च फोटोच्या अर्ध्यावर पट्टे.

पट्टे आले तर नोझल चेक छापायचा, साफसफाई करायची, पुन्हा छापायचा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. गाळलेल्या जागा त्याच असतील, तर नोझल बुजली आहे. दरवेळी वेगळ्या असतील, तर नळीत किंवा डॅम्परमध्ये (हेडच्या आधीच्या शाईच्या छोट्या कप्प्यात) हवा आहे, आणि साफसफाई करत बसण्यापेक्षा काही तास थांबलेलं बरं. दोन-तीनदा साफ करून फरक नसेल, तर चौथ्यांदा करून शाईच जाते.

(दृश्य : प्रिंटरचा तळ उघडलेला. काळाकुट्ट, ओथंबलेला नमदा.)

जाते ती इथे. हेड टोपीवर बसतं, खालचा रोलर-पंप नळी पिळतो, नोझलमधून शाई खेचली जाते आणि या पॅडवर पडते. चारही रंग मिसळून हा काळा. महिन्याला चार पानं छापणाऱ्याकडे कागदापेक्षा पॅडवर जास्त शाई जाऊ शकते. भिंतीवरचं बटण बंद करून प्रिंटर विझवणाऱ्यांकडेही, कारण हेड टोपीवर बसायच्या आतच वीज गेलेली असते, नोझल उघड्यावर सुकते आणि पुढच्या वेळी मोठी साफसफाई लागते. आधी प्रिंटरचं बटण, मग भिंतीवरचं.

बऱ्याच प्रिंटरमध्ये पॅड किती भरला, हे कोणीही पाहत नाही. त्याचीही वहीच. आकडा हद्दीला टेकला की दिवे लुकलुकतात आणि छपाई थांबते. नुसता आकडा मागे नेऊन काम चालवणारे आहेत, पण पॅड खरंच भरलेला असेल, तर शाई टेबलावर उतरते. नव्या काही मॉडेलमध्ये पॅडऐवजी बदलता येणारा मेंटेनन्स बॉक्स असतो. त्यालाही चिप आहे.

(दृश्य : नवा पांढरा पॅड बसवून तळ बंद केला. वीज दिली. दोन दिवे, आलटून पालटून लुकलुकणारे.)

पॅड बदलला. कोरडा, पांढराशुभ्र. प्रिंटर तरी थांबलेलाच, कारण वहीत अजून जुना आकडा आहे. सर्व्हिस प्रोग्राममधून काउंटर शून्यावर आणायचा, प्रिंटर एकदा बंद करून चालू करायचा.

(दृश्य : एक दिवा, स्थिर. कागद आत ओढल्याचा आवाज.)