फॅक्टर चालू असताना बाळाला अंगावर पाजावे का?

पडद्यावर दिसणाऱ्या या छोट्या कुपीत पांढरी भुकटी आहे. परिचारिका तिच्यात निर्जंतुक पाणी सोडते आणि कुपी हलकेच गोल फिरवते. जोरात खळखळवली तर फेस येतो आणि आतले नाजूक प्रथिन बिघडते. भुकटी पूर्ण विरघळली की ते द्रावण बाळंतिणीच्या शिरेतून सावकाश दिले जाते. व्हॉन विलेब्रँड हा रक्त नीट न गोठण्याचा आजार असलेल्या, किंवा हिमोफिलिया या तशाच आजाराच्या वाहक असल्यामुळे रक्त गोठवणारे घटक कमी असलेल्या स्त्रियांना बाळंतपणानंतर हे फॅक्टर, म्हणजे कमी पडणाऱ्या घटकाचे औषध, लागू शकते.

‘एवढे जालीम औषध घेतेस, तर बाळाला अंगावर पाजू नकोस,’ असे घरातली वडीलधारी माणसे काळजीपोटी सांगतात. औषधासोबतच्या माहितीपत्रकातही स्तनपानाविषयी पुरेसा अभ्यास झालेला नसल्याचे बहुधा छापलेले असते आणि ते वाचून बाळंतीण आणखीच धास्तावते. मात्र फॅक्टर म्हणजे आपल्या रक्तातच असणारे प्रथिन, आणि तेही फार मोठे. रक्त गोठवणाऱ्या, क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या घटकांपैकी आठवा घटक सुमारे २,३०० अमिनो आम्लांचा असतो, व्हॉन विलेब्रँड घटकाच्या साखळ्या त्याहून कितीतरी मोठ्या, आणि त्यामानाने लहान असलेला नववा घटकही पॅरासिटामॉलच्या रेणूच्या शेकडो पट भरतो. एवढे मोठे रेणू दुधात जवळजवळ उतरत नाहीत. पहिल्या दिवसांतल्या चिकात मोठी प्रथिने थोडी अधिक येतात खरी, तरी फॅक्टरचा अंश आलाच, तर दुधातल्या इतर प्रथिनांप्रमाणे तो बाळाच्या पोटात पचून जातो. म्हणूनच बाळाला हिमोफिलिया असला तरी आईच्या दुधातून त्याचा उपचार होत नाही. गरज पडल्यास फॅक्टर त्याच्या शिरेतूनच द्यावे लागते.

दूषित फॅक्टरची भीती मात्र एकेकाळी खरी ठरली होती. दात्यांच्या रक्तद्रवापासून केलेल्या फॅक्टरमधून १९८० च्या दशकापर्यंत हजारो रुग्णांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी यांची लागण झाली, आणि एचआयव्ही आईच्या दुधातूनही बाळाकडे जाऊ शकतो. त्यानंतर विषाणू निष्क्रिय करण्याच्या प्रक्रिया रूढ झाल्या, तर १९९२ मध्ये अमेरिकेत आठव्या घटकाच्या रिकॉम्बिनंट, म्हणजे दात्यांच्या रक्तद्रवाऐवजी जनुकीय तंत्राने पेशींत तयार केलेल्या औषधाला मान्यता मिळाली. रक्तपेढीतल्या क्रायोप्रेसिपिटेटवर, म्हणजे दात्यांच्या रक्तद्रवातून वेगळ्या काढलेल्या, गोठवणारे घटक असलेल्या अंशावर, सहसा विषाणू निष्क्रिय करण्याची प्रक्रिया झालेली नसते. त्यामुळे फॅक्टर उपलब्ध असेल तर तेच घेणे श्रेयस्कर.

खरा धोका डोस चुकवण्यात आहे. गरोदरपणात आठवा आणि व्हॉन विलेब्रँड घटक बहुतेक स्त्रियांत आपोआप वाढतात, नववा फारसा वाढत नाही. आणि ही वाढ बाळंतपणानंतर एक ते तीन आठवड्यांत ओसरते, म्हणजे नेमकी बाळंतीण घरी परतल्यावर, जेव्हा विचारायला जवळ डॉक्टर नसतात. दुधाच्या धास्तीने तिने तेव्हा फॅक्टर टाळले, तर अंगावरून जाणे एकाएकी वाढू शकते. बाळ ओढू लागले की गर्भाशय आकुंचन पावते आणि रक्तस्राव रोखायला मदतच होते, मात्र त्याने फॅक्टरची जागा भरून निघत नाही.

सोबत दिल्या जाणाऱ्या ट्रॅनेक्झामिक आम्ल या रक्तस्राव कमी करणाऱ्या औषधाचाही अगदी अल्प अंश दुधात उतरतो, त्यामुळे सहसा स्तनपान थांबवावे लागत नाही. वेदनांसाठी ॲस्पिरिन टाळावे, पॅरासिटामॉल चालते. तासाभरात पॅड भिजू लागले, मोठ्या गाठी पडल्या किंवा भोवळ आली, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे, आणि आपल्याला रक्तस्रावाचा आजार असल्याचे तिथे पोहोचताच सांगावे.