उभं राहणाऱ्या मशीनची मोटर

[दृश्य: कोल्हापूर, शुक्रवार पेठ, सकाळ. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाची तिरीप. आण्णा मशीनवरचं पोतं काढतात.]

आडवं असताना हे मशीन लेथ असतं. टेबल चढवलं की चक्री करवत. तबकडी लावली की घासकामाचं चाक. लाकडाला आडवं भोक पाडायचं तर तेही इथंच. आणि खटका सोडून दोन्ही पोलादी नळ्या आढ्याकडे उभ्या केल्या, की झालं ड्रिल. हान्स गोल्डश्मिट यांनी अमेरिकेत घडवलेलं हे शॉपस्मिथ १९४७ साली बाजारात आलं. एका खोलीत पाच मशीनं मांडायची जागा नसलेल्या माणसासाठी.

कोल्हापुरात ते आलं मुंबईच्या भंगारातून, आण्णांच्या वडिलांच्या हट्टापायी. सोबत एक ट्रान्सफॉर्मर, कारण मोटर ११५ व्होल्टची. पुढं चाळीसएक वर्षं त्यावर लाटणी झाली, पाळण्याचे खूर झाले, देव्हाऱ्याचे खांब झाले. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी शेडमध्ये जळक्या वार्निशचा वास सुटला.

[दृश्य: उघडलेली जुनी मोटर. काळं पडलेलं वाइंडिंग. मोटरवरची पाटी.]

रिवाइंडिंगवाल्यानं आत बघितलं आणि मान हलवली. तार नवी भरता येईल, पण बुश, म्हणजे शाफ्ट ज्यांत फिरतो त्या कड्या, झिजल्यात. त्यांना तेल वातीतून मिळायचं, आणि मोटर आडवं बसून काम करणारी. मशीन ड्रिलसाठी उभं केलं की हिलाही उभं राहावं लागायचं. तेल गळायचं, रोटरचं वजन भलत्याच जागी यायचं.

जळण्याचं कारण मात्र पाटीवरच कोरलेलं होतं: ६० सायकल, म्हणजे विजेची सेकंदाला साठ आवर्तनं. आपली वीज ५० ची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, सायकल बदलत नाही. साठसाठी बांधलेली मोटर पन्नासवर चालवली की तिच्या लोखंडात चुंबकत्व जास्त दाटतं, करंट वाढतो, ती तापत राहते. आणि फिरते हळू. पाटीवर मिनिटाला १७२५ फेरे, इथं जेमतेम १४४०. म्हणजे कोल्हापुरात आल्यापासून हे मशीन एकदाही स्वतःच्या वेगानं फिरलेलं नव्हतं. आण्णांनी ही पाटी नीट वाचली ती साठी उलटल्यावर.

[दृश्य: शाहूपुरी. मोटरांच्या दुकानातली रांग.]

दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला. “किती एचपी देऊ?”

खरं तर हा सगळ्यात सोपा प्रश्न. जुनी मोटर पाऊण एचपीची, म्हणजे नवी एकची. “दोनचीच न्या की, आण्णा!” हा सल्लाही ठरलेला. पण पट्टा आणि स्पिंडल पाऊण एचपीच्या हिशेबानं बांधलेत. लाकूड अडकलं तर पट्टा घसरला पाहिजे; मोटरनं जोर करून लाकूड अंगावर फेकता कामा नये. दोन पोलची, २८८० फेऱ्यांची मोटरही आण्णांनी बाजूला सारली. त्याच पुलीवर लेथचा वेग दुप्पट झाला असता, आणि मोठा वाडगा कातताना समोर उभं राहायची कुणाची छाती झाली नसती.

मग खरी परीक्षा. बॉल बेअरिंग हवंच, म्हणजे मोटर उभी राहिली तरी बिघडत नाही. पूर्ण बंद बॉडी हवी, नाहीतर भुसा आत जातो. आणि बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, कारण ही मोटर जमिनीवर बसत नाही. मशीनच्या डोक्याला लटकते, त्याच्याबरोबर नळ्यांवर वरखाली होते. बिडाची मोटर लटकवून ते डोकं एका हातानं वर सरकवून बघा. आण्णांनी एकदा बघितलंय.

राहिला वेग. सिंगल फेज घेतली तर पुन्हा १४४०च. म्हणून आण्णांनी थ्री फेज मोटर आणि छोटा ड्राइव्ह घेतला. घरातली २३० व्होल्टची सिंगल फेज आत जाते, थ्री फेज बाहेर येते, आणि सायकल किती ते बटणावर ठरतं. मोटरमध्ये कंडेन्सर नाही, चालू होतानाचा तो टकटक करणारा स्विच नाही. मात्र दुकानातच त्यांनी मोटरचा डबा उघडायला लावला. आत सहा टोकं होती. म्हणजे आतल्या वेटोळ्यांची जोडणी बदलता येणार होती: स्टारच्या पट्ट्या काढून डेल्टा. २३० वर चालवायचं तर ते करावंच लागतं. काही छोट्या मोटरांत स्टार आतच बांधून तीनच तारा बाहेर काढतात. ती मोटर घरी आणली असती, तर नुसता डोक्याला ताप.

[दृश्य: उद्यमनगर. लेथवर निघणारा अ‍ॅल्युमिनियमचा चकाकता कीस.]

अमेरिकी शाफ्ट पाच अष्टमांश इंच, म्हणजे १५.९ मिलिमीटरला किंचित कमी. आपला १९. जुनी पुली बसणार कुठून? पायाची भोकं रुंदीला जवळपास जुळली, लांबीला नाहीत. नवा शाफ्ट जुन्यापेक्षा नऊएक मिलिमीटर खाली. तिथं लोखंडी पट्टी आली.

“पुली कापू का शाफ्ट, तेवढं सांगा,” लेथवाला म्हणाला.

“दोन्ही न्हाई. हिच्यासारखी नवी कर.”

ज्या गावात मूकपटांच्या काळात बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा जुळवला, तिथं पुलीचं काय घेऊन बसलात. जुनी पुली नमुना म्हणून समोर ठेवली, ओतकाम झालं, चारही पायऱ्या कातून निघाल्या. जुनी आता शेडमध्ये खिळ्याला टांगलेली आहे. अंगावर ओरखडाही नाही.

[दृश्य: भिंतीवर, भुशापासून लांब, झाकणाच्या पेटीत ड्राइव्ह. आकडा चढतो: ३०, ४५, ५०.]

पहिल्यांदा चाक उलटं फिरलं. दोन तारांची अदलाबदल केली, सुलट झालं. आकडा पन्नासवर आला आणि शेडमध्ये ओळखीचा आवाज भरला. आण्णांनी बटण आणखी पुढं नेलं. ६०. आवाज वर चढला, बारीक झाला. सागाची फळी करवतीत गेली. कडेला काळा डाग नाही.

आण्णा थोडा वेळ कान देऊन ऐकत राहिले. “ह्यो आवाज माझ्या मशीनचा न्हाई,” म्हणाले.

मग टेबल उतरवलं, शिसवीचा तुकडा लेथला लावला आणि बटण मागं आणलं. खिशातली पेन्सिल काढून भिंतीवर लिहिलं: करवत ६०. लाटणं ५०.

[दृश्य: शिसवीची साल उडते. आवाज तसाच चालू. काळोख.]