हे कुणी पाडलं?

श्रोतेहो, नमस्कार.

आयर्लंडला गेलेला आपला माणूस साधारणपणे डब्लिन बघतो, मोहरचे कडे बघतो आणि दिवस उरलेच तर किलार्नीला जातो. मधला सगळा प्रदेश बसच्या काचेतून सरकतो. कुरण, मेंढ्या, पुन्हा कुरण, आणि अधूनमधून एखादी पडकी भिंत. भिंत दिसली की फोन वर होतात, फोटो निघतो, बस पुढे जाते. आज मला त्या भिंतींबद्दल बोलायचंय. त्यासाठी तुम्हाला एकाच तळ्याच्या काठी नेतो. रॉसकॉमन काउंटीतलं लॉक की. डब्लिनच्या कॉनली स्टेशनवरून स्लायगोची गाडी धरायची आणि साधारण अडीच तासांनी बॉइल नावाच्या छोट्या गावात उतरायचं. तळं तिथून जवळच आहे.

तळं काही अवाढव्य नाही. बॉइल नदी एका अंगाने आत येते, दुसऱ्या अंगाने बाहेर पडून पुढे शॅनन नदीला मिळते. पाण्यात तिसाहून जास्त बेटं, बहुतेक झाडांनी गच्च भरलेली. दक्षिण काठावर सुमारे साडेतीनशे हेक्टरचं वनउद्यान आहे. तिथे जमिनीपासून नऊ मीटर उंचावर, झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी एक लांबलचक पायवाट बांधली आहे. मुलांना ती फार आवडते. मला स्वतःला खालची ओली, शेवाळलेली वाट जास्त आवडते, पण तो ज्याच्या त्याच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे.

या भागात फिरताना मी स्वतःला एक सवय लावून घेतली आहे. पडकी भिंत दिसली की आधी विचारायचं, हे कुणी पाडलं? काळाने पाडलं, असं उत्तर पटकन तोंडात येतं. ते बहुतेक वेळा खोटं असतं.

बॉइलच्या मठापासून सुरुवात करू. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी तो ११६१ मध्ये बांधायला घेतला आणि पूर्ण व्हायला साठेक वर्षं लागली. इतक्या वर्षांत बांधकामाची फॅशनच बदलली. म्हणून मधल्या दालनात उभं राहिलं की एका बाजूच्या कमानी गोल दिसतात आणि समोरच्या टोकदार. पंथ मोठा कडक होता, कोरीवकामात माणसं-प्राणी नकोत असा त्यांचा दंडक. इथल्या खांबांच्या माथ्यांकडे मात्र मान वर करून नीट बघा. पानांच्या आडून छोटी माणसं डोकावतायत, कोंबडे आहेत, कुत्रे आहेत. नियम करणारे फ्रान्समध्ये बसले होते आणि छिन्नी रॉसकॉमनमध्ये चालत होती, त्याचा हा परिणाम.

हा मठ ओस पडला तो राजाज्ञेने. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले. शतक संपता संपता इथे इंग्रज फौज येऊन बसली, आणि जिथे प्रार्थना चालायची तिथे पुढची कित्येक वर्षं सैनिकांचा तळ राहिला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मठाच्या जमिनी किंग नावाच्या इंग्रज घराण्याकडे गेल्या. हे नाव लक्षात ठेवा. या तळ्याभोवती जिथे जाल तिथे ते भेटतं.

आता पाण्याकडे वळू. काठावरून एका बेटावर किल्ला दिसतो. भिंती थेट पाण्यातून वर आल्यासारख्या, वर वेल चढलेली. पर्यटनाच्या पत्रकांवर हटकून याचाच फोटो असतो. या बेटावर मॉयलर्ग या इथल्या जुन्या राज्याचे राजे, म्हणजे मॅकडर्मट घराणं, राहत असे. १२३५ मध्ये इंग्लंडहून आलेल्या नॉर्मनांनी त्यांना वेढा घातला, तेव्हा दगड फेकणारी यंत्रं चक्क होड्यांवर चढवून तळ्यात आणली होती. हे आपल्याला कळतं ते आयरिश बखरींमुळे. या तळ्याच्या नावाचीच एक बखर आहे, १५८८ मध्ये मॅकडर्मट घराण्यातल्या ब्रायनसाठी लिहून घेतलेली.

फक्त आज जो किल्ला तुम्ही बघता, तो हा नव्हेच! तो बराचसा एकोणिसाव्या शतकातला. किंग घराण्याने आपल्या जागेवरून देखावा छान दिसावा म्हणून जुन्या पायावर शोभेचा किल्ला उभारला. ज्यांची जमीन गेली त्यांच्या गढीच्या जागी, ज्यांना जमीन मिळाली त्यांची हौस. पुढे त्याचंही छप्पर गेलं. १८९० च्या दशकात कवी येट्स इथे आला आणि या बेटावर आयरिश गूढविद्येचं एक केंद्र काढावं, असं त्याच्या मनाने घेतलं. ते काही जमलं नाही. शोभेच्या भिंतींनी भल्याभल्यांना भुरळ घातली आहे, तेव्हा आपण फोटो काढला तर बिघडलं कुठे.

आणि तो देखावा ज्या खिडक्यांतून बघायचा, ते घर? त्याचं नाव रॉकिंगहॅम हाउस. लंडनचा नामांकित वास्तुकार जॉन नॅश याने १८१० च्या सुमारास त्याचा आराखडा केला. घराच्या सगळ्या बाजूंनी नजर कशी मोकळी जायला हवी होती. पण इतक्या मोठ्या घराला इंधन लागतं, दूध-भाजी लागते, आणि ते आणणारी माणसं लागतात. ती माणसं हिरवळीवरून ये-जा करताना पाहुण्यांना दिसली तर? म्हणून जमिनीखाली बोगदे काढले. तळ्याकाठी होडी लागायची आणि सामान बोगद्यातून थेट तळघरात जायचं. नोकरांनी दिवसभर राबायचं, पण कुणाच्या दृष्टीस पडायचं नाही.

१९५७ मध्ये या घराला आग लागली. आयर्लंडात जमीनदारांची बरीच घरं १९२० च्या आसपासच्या धामधुमीत जाळली गेली, त्यामुळे इथेही लोक तसंच धरून चालतात. इथे मात्र कारण साधं होतं, विजेच्या वायरिंगमधला बिघाड. उरलेला सांगाडा १९७१ मध्ये सरकारने पाडला आणि त्या जागी काँक्रीटचा एक मनोरा उभा केला. मनोरा कुरूप आहे, हे मी स्पष्टच सांगतो. त्याच्या समर्थनार्थ एवढंच म्हणता येईल, की वर गेलं की तो दिसत नाही. घर गेलं, पण बोगदे शाबूत राहिले. आज तुम्ही त्यांतून चालू शकता. आत गारवा असतो, पायाखाली ओल असते. या इस्टेटीतला माझ्या मते सर्वांत बोलका भाग हाच.

गावात याच घराण्याचं त्याआधीचं घर आहे, किंग हाउस, साधारण १७३० चं. कुटुंब रॉकिंगहॅमला राहायला गेलं आणि इथे कॉनॉट रेंजर्स या पलटणीची छावणी झाली. हे नाव भारताशीही जोडलेलं आहे. १८५७ च्या उठावात ही पलटण इंग्रजांच्या बाजूने कानपूरला लढली. आणि जून १९२० मध्ये जालंधरच्या छावणीतल्या याच पलटणीच्या आयरिश शिपायांनी शस्त्रं खाली ठेवली, कारण इंग्रजांचे भाडोत्री पोलीस तिकडे आयर्लंडात काय करतायत, ते त्यांच्या कानी आलं होतं. हे बंड सोलनपर्यंत पसरलं. जेम्स डेली या शिपायाला नोव्हेंबरमध्ये दगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. १९७० मध्ये त्याचे अवशेष मायदेशी आणले गेले. किंग हाउसमध्ये या पलटणीचं दालन आहे, तिथे घाई करू नका.

ज्यांना चढायची हौस आहे त्यांनी उत्तरेला, स्लायगोच्या हद्दीतल्या कॅरोकीलला जावं. डोंगरमाथ्यांवर पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी थडगी आहेत. १९११ मध्ये ती उकरली ती मोठ्या घाईने. आत शिरू नका, दगड हलतात. ढगही अचानक उतरतात.

एक व्यवहाराची गोष्ट. आयर्लंडात कुणाच्याही शेतातून चालण्याचा सरसकट हक्क नाही. खुणा केलेली वाट सोडू नका, फाटक जसं होतं तसंच ठेवा, आणि कुंपणाच्या तारेला हात लावण्याआधी तिच्यात वीज आहे का बघा. मेंढ्यांच्या रानात मोकळा कुत्रा नेला तर शेतकरी हसून बोलणार नाही.

आता सगळ्यात जास्त संख्येने असलेले अवशेष. त्यांना पाटी नाही, तिकीट नाही. शेताच्या कडेला कमरेइतक्या दोन भिंती, एक चूल, मधून उगवलेलं झाड. १८४१ च्या खानेसुमारीत रॉसकॉमनची लोकसंख्या अडीच लाखांवर होती. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ आला, आणि १८५१ ला आकडा पावणेदोन लाखांच्या खाली होता. आज तिथे सत्तर हजार माणसं राहतात. बटाटा रोगाने गेला हे खरं, पण भाडं थकलं म्हणून कुळांना घराबाहेर काढलं ते जमीनदारांनी. कुळं परत येऊ नयेत म्हणून घराचं छप्परही उतरवत.

याची कागदपत्रं बघायची असतील तर अर्ध्या-पाऊण तासावरच्या स्ट्रोक्सटाउनला जा. तिथला जमीनदार मेजर डेनिस माहन याने १८४७ मध्ये आपल्या १४९० कुळांना डब्लिनपर्यंत चालवत नेऊन, लिव्हरपूलमार्गे कॅनडाच्या जहाजांवर चढवलं. वाटेत आणि उतरल्यावर त्यांतले पुष्कळ मेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेजरवर कुणीतरी गोळी झाडली. पुढे १९७९ मध्ये तिथल्याच एका गॅरेजवाल्याने ट्रक उभे करायला जागा हवी म्हणून ती इस्टेट विकत घेतली. वाड्यात बघतो तर दुष्काळातले अर्ज, हिशेब, पत्रं, सगळं जागच्या जागी. त्याने ते रद्दीत घातलं नाही. त्यातून १९९४ मध्ये दुष्काळाचं संग्रहालय उभं राहिलं.

ती १४९० माणसं ज्या वाटेने गेली ती आता आखून दिलेली आहे. स्ट्रोक्सटाउन ते डब्लिन, १६५ किलोमीटर, बराचसा भाग रॉयल कालव्याच्या काठाने. कालव्याची वाट सपाट आहे, सायकल चालते. पावसाचा कोट मात्र पिशवीच्या तळाशी नको, वरच ठेवा.

नमस्कार.