दिवस सूर्यावर आखा

नमस्कार. विषय आहे ‘पानगळीत आडरस्त्यांवर एक दिवस’. समोर बहुतेक बाइकवालेच दिसताहेत, म्हणून चेन किती सैल ठेवायची, सामान कसं बांधायचं, यात वेळ घालवत नाही. मला एकच सांगायचंय. पानगळीच्या दिवसांत फेरी किलोमीटरवर आखू नका, सूर्यावर आखा. किती जायचं ते मागाहून ठरवा. कोणत्या वेळी तोंड कोणत्या दिशेला असेल आणि डोक्यावर झाडी असेल का, हे आधी बघा. निघण्यापूर्वी नकाशावर सूर्याची जागा कुणी बघितलीय? हात वर करा. दोन हात! आणि दोघांच्याही गळ्यात कॅमेरा आहे.

मला हे एका वळणाने शिकवलं. सकाळचे साडेनऊ झाले असतील. दोन्ही अंगांना दाट झाडी, रस्ता जेमतेम एका मोटारीच्या रुंदीचा, वर निरभ्र आकाश. रात्री पावसाचा थेंब नाही. उजवं वळण आलं आणि त्यात तपकिरी पानांचा थर. पानं कोरडी दिसत होती, चाकाखाली चुरचुरलीसुद्धा. वेग चाळीसच्या आत. आणि मागचं चाक वीतभर बाहेर सरकलं. मी ब्रेकला हात लावला नाही, थ्रॉटल होता तसाच धरला, नजर वळणाच्या टोकावर ठेवली. पानं संपली, चाकाने पुन्हा डांबर धरलं.

पुढे गाडी लावून चालत मागे आले. बुटाच्या टोकाने पानं उकरली. वरचं पान कडक, वाळलेलं. खालचं ओलं, चामड्यासारखं मऊ. त्याच्याही खाली काळा लगदा. चिमटीत धरला तर ओल्या साबणासारखा बुळबुळीत. त्या वीस पावलांत ऊन अजून पोचलंच नव्हतं, रात्रीचं दव तसंच मुरलेलं. दुपारी एकला मुद्दाम त्याच वळणावर परतले. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी पानं कडेला लोटली होती आणि डांबर कोरडं, राखाडी झालं होतं. तेच वळण, तेच टायर. फरक फक्त साडेतीन तासांच्या उन्हाचा.

हे सांगितलं की लोक म्हणतात, ‘हळू चालवा, म्हणजे झालं.’ या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. हळू म्हणजे किती? ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. अडथळा दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, असं धरा. पुढे कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लावला तरी थांबायला साधारण २० मीटर. पकड निम्मी झाली की त्याचे ४०. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पण रस्त्यावर नसलेली पकड ते कुठून आणणार? आणि पानाखाली काय आहे ते स्पीडोमीटरवर दिसत नाही. ते घड्याळावर आणि सावलीवर दिसतं.

दहा मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय. म्हणजे दिवसाची आखणी घाईत सांगावी लागणार.

सकाळचा पहिला टप्पा उघड्या माळावरचा आणि शक्यतो दक्षिणोत्तर घ्या, म्हणजे ऊन बाजूने येईल. निघण्याआधी टायर गार असताना हवा तपासा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयने (हवा मोजण्याचं एकक) उतरतो. हातमोजे जाड घ्या. पारा १० अंशांवर असताना ताशी ८० ने गेलात तर उघड्या कातडीला ४ अंशांसारखं बोचतं आणि बधिर बोटांना ब्रेकचा अंदाज येत नाही. झाडीचे, वळणांचे रस्ते अकरा ते तीनमध्ये. पूर्व-पश्चिम रस्तेही तेव्हाच. सुगी चालू असेल तर शेताच्या तोंडाशी ट्रॅक्टरने आणलेला चिखल असतो, तिथे गाडी सरळ ठेवून जा. शरद संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवसाच्या, सुमारास ५० अंश अक्षांशावर दिवस रोज जवळजवळ चार मिनिटांनी आखूड होतो. गेल्या पंधरवड्याच्या हिशोबाने निघालात तर संध्याकाळी सुमारे अर्धा तास आधीच सूर्य मावळलेला असेल, आणि जनावरं रस्त्यावर येतात ती त्याच वेळेला.

शेवटचं. सूर्य समोर असला की आपण सावध होतो, पाठीशी असला की निवांत. खरं तर आपली सावली पुढे लांब पडलेली दिसली की समोरच्याच्या डोळ्यांत थेट ऊन आहे. आपला हेडलाइटही त्या झगमगाटात बुडतो. अशा वेळी फाट्यावर मोटार थांबलेली दिसली, तर ड्रायव्हर आपल्याकडे बघतोय यावर जाऊ नका. तिचं पुढचं चाक फिरतंय का, ते बघा.