तुमचा फोन कशानं मरतो, ते आधी बघा

नमस्कार मंडळी. दणकट फोन म्हटलं की लोक थेट विचारतात, कुठला घेऊ? मला हा प्रश्न चुकीच्या टोकाकडून सुरू होतो असं वाटतं. आधी हे सांगा, की तुमचे आधीचे फोन कशानं गेले. पाण्यात पडून गेले, उंचावरून पडून गेले, धुळीनं चार्जिंगचं पोर्ट बुजून गेले, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून बॅटरी फुगून गेले, का काही झालंच नाही, नुसतं सॉफ्टवेअर जुनं झालं आणि अ‍ॅप चालेनासे झाले? हे पाच वेगवेगळे मृत्यू आहेत, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. जहाजावर काम करणाऱ्याचा फोन आणि गिरणीत काम करणाऱ्याचा फोन दोन्ही रफ यूजचेच, पण एकाला खारं पाणी मारतं, दुसऱ्याला पीठ. जाहिरातीत मात्र सगळ्यांसाठी एकच व्हिडिओ असतो, फोन पाण्याच्या टाकीत पडतो आणि वर येऊन वाजतो.

पाण्यापासूनच सुरू करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

बॉक्सवर आयपी ६७, आयपी ६८ असं लिहिलेलं असतं, ते तुम्ही पाहिलं असेल. ही आयईसी ६०५२९ नावाच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमधली खूण. पहिला आकडा धुळीचा, तो जास्तीत जास्त ६. सहा मिळवायला फोन बारीक टाल्कम पावडरच्या धुरळ्यात ठेवतात, आठ तासांपर्यंत, आणि आत काही गेलं नाही ना ते बघतात. दुसरा आकडा पाण्याचा. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आठ म्हणजे त्यापेक्षा कडक, पण किती कडक ते कंपनी ठरवते, त्यामुळे एका कंपनीचा ६८ दीड मीटरचा असतो आणि दुसरीचा सहा मीटरचा, बॉक्सवर आकडा तोच. म्हणून नुसतं ६८ वाचून थांबू नका, किती मीटर आणि किती मिनिटं ते बारीक अक्षरात शोधा, आणि ते कुठेच लिहिलेलं नसेल तर तो फोन मी तरी घेणार नाही.

आता यातली खरी मेख. ही टेस्ट साध्या, गोड्या, स्थिर पाण्यात होते. सातच्या टेस्टमध्ये तर पाण्याचं आणि फोनचं तापमान पाच अंशांपेक्षा जास्त वेगळं असू नये असा नियमच आहे. म्हणजे नवाकोरा फोन, शांत पाणी, तापमान सारखं. तुमचं काम असं असतं का? उन्हात तापलेला फोन गार पाण्यात पडला की आतली हवा पटकन गार होते, आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरचं पाणी सीलच्या फटीतून आत ओढलं जातं, म्हणजे तोच फोन, तेच एक मीटर पाणी, पण निकाल वेगळा येऊ शकतो. साबणाचं पाणी आणखी वाईट, कारण साबणानं पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि साधं पाणी जिथे अडतं तिथून ते शिरतं. खारं पाणी तर आत न शिरताही पोर्टमधल्या धातूच्या पिना खातं. वाफेचं तसंच, बाथरूममधल्या गरम वाफेसाठी ६७-६८ ची टेस्ट झालेलीच नसते.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. बुडवण्याची टेस्ट पास झाली म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याची टेस्ट आपोआप पास झाली असं नाही. दुसऱ्या जागेवरचे पाच आणि सहा हे आकडे फवाऱ्याचे, सहाच्या टेस्टमध्ये मिनिटाला सुमारे शंभर लिटर पाणी तीन मीटरच्या आत उभं राहून फोनवर मारतात. सात आणि आठ बुडवण्याचे. दोन्ही पास असतील तर कंपनीनं दोन्ही लिहायला पाहिजे, आयपी ६६ आणि आयपी ६८ असं. तुमचं काम गाड्या धुण्याचं, गोठा धुण्याचं, मशीनवर प्रेशरनं पाणी मारायचं असेल तर नुसत्या ६८ ला काही अर्थ नाही, तुम्हाला ६९ हवा. त्यात साधारण ऐंशी अंश तापमानाचं पाणी, ऐंशी ते शंभर बार दाबानं, दहा-पंधरा सेंटिमीटरवरून चार कोनांतून मारतात. पण लक्षात घ्या, ६९ म्हणजे ६८ पेक्षा पुढची पायरी नाही, ती वेगळीच परीक्षा आहे, दोन्ही हवं असेल तर दोन्ही लिहिलेलं असायला हवं.

(मागच्या रांगेतून प्रश्न आला: मग जाहिरातीत पोहताना, समुद्रात फोन वापरताना दाखवतात ते कसं?)

चांगला प्रश्न. यावर सरकारी यंत्रणांनी कारवाई केलेली आहे. इटलीच्या स्पर्धा नियामकानं २०२० मध्ये ॲपलला एक कोटी युरोचा दंड केला, कारण जाहिरातीत पाण्याचा दावा ठळक होता पण तो लॅबमधल्या परिस्थितीपुरता आहे हे नीट सांगितलं नव्हतं, आणि पाण्यानं फोन खराब झाला तर वॉरंटी मिळत नव्हती. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये सॅमसंगला एक कोटी चाळीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला, तिथे जाहिराती स्विमिंग पूल आणि समुद्राच्या होत्या पण ओलं पोर्ट चार्जिंगला लावलं तर ते खराब होण्याचा धोका होता. या कंपन्यांचे फोन वाईट आहेत असं मी म्हणत नाही. सांगायचं हे, की विकत घेण्याआधी वॉरंटीच्या कागदावर पाण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक ठिकाणी पाण्याचं नुकसान वॉरंटीत नसतं, आणि फोनच्या आत एक बारकी पांढरी पट्टी असते, ती पाणी लागलं की लाल होते, सर्व्हिस सेंटरवाला आधी तीच बघतो.

आता फोन पाणी अडवतो कसा, ते जरा जवळून बघा. स्क्रीन आणि बॉडीच्या मधे चारी बाजूंनी चिकट पट्टी, सिम ट्रेला एक केसाएवढी बारीक रबरी रिंग, बटणांच्या दांड्यांना रिंगा, आणि स्पीकर-माइकच्या भोकांवर एक पातळ पडदा जो हवा आणि आवाज जाऊ देतो पण पाण्याचा थेंब अडवतो. बस्स, सगळी भिस्त यावर. सिम ट्रे बाहेर काढा आणि भिंगातून त्या रिंगेकडे बघा, तिच्यावर एक केस किंवा वाळूचा एक कण अडकलेला असला तरी तिथून पाण्याला वाट मिळते. ट्रे परत घालताना ती रिंग मऊ कापडानं पुसा, हे एक काम कुणीच करत नाही आणि खरंतर ते सगळ्यात सोपं आहे. काही दणकट फोनना चार्जिंग पोर्टवर रबरी झाकण असतं, ते रोज उघडून बंद करून त्याची मान तुटते, आणि झाकण नीट दाबलं नाही तर आयपी रेटिंग त्या दिवसापुरतं शून्य. म्हणून उघडं पोर्ट असूनही आतून सील असलेला फोन मला झाकणवाल्यापेक्षा बरा वाटतो, किंवा मग वायरलेस चार्जिंग असावं, किंवा मागच्या बाजूला चार्जिंगच्या उघड्या पिना असाव्यात ज्यावर फोन नुसता ठेवला की चार्ज होतो.

हे सगळं सील म्हातारं होतं. उष्णतेनं, पडण्यानं, पिळवटण्यानं, नुसत्या काळानं. फ्रेम जरा वाकली की चिकट पट्टी कुठेतरी सुटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. आणि एकदा फोन उघडून बॅटरी किंवा स्क्रीन बदलली आणि नवीन पट्टी नीट लावली नाही तर तो फोन पाण्यासाठी साधा फोन झाला असं समजा. दुकानदार म्हणेल, काही होत नाही. होतं.

आता पडण्याकडे येऊ. बॉक्सवर मिल-एसटीडी-८१० लिहिलेलं असतं, जी किंवा एच. हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं कागदपत्र आहे, जी आवृत्ती २००८ ची, एच २०१९ ची. लोकांना वाटतं सैन्यानं फोन तपासून शिक्का मारला. तसं काही नाही. कुठलंही सरकारी खातं हे सर्टिफिकेट देत नाही, कंपनी स्वतः टेस्ट करते किंवा लॅबकडून करून घेते, आणि त्यातल्या दोन डझनांहून जास्त पद्धतींपैकी कुठल्या करायच्या ते कंपनीच निवडते. म्हणजे कुणी फक्त दमटपणा आणि तापमानाची टेस्ट करूनही ते नाव छापू शकतं. पडण्याच्या टेस्टमध्ये १२२ सेंटिमीटरवरून फोन सव्वीस वेळा पाडतात, सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे, आणि जी आवृत्तीत खालची जमीन म्हणजे काँक्रीटवर ठेवलेलं दोन इंची प्लायवूड. हे सव्वीस वेळा पाडणं पाच फोनमध्ये वाटून घ्यायलाही परवानगी आहे. म्हणून विचारायचं असं, की किती उंचीवरून, कशावर, आणि कुठल्या पद्धती केल्या. काँक्रीटवर दीड किंवा दोन मीटर असं स्पष्ट लिहिणाऱ्या कंपनीवर मी नुसतं मिलिटरी ग्रेड लिहिणाऱ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवीन.

काचेबद्दल थोडक्यात. मजबूत काच म्हणजे वितळलेल्या मिठात बुडवून तिच्या पृष्ठभागातले सोडियमचे कण काढून मोठे पोटॅशियमचे कण घातलेली काच, त्यामुळे वरचा थर दाबात राहतो आणि सहज तडकत नाही. पण वाळूतला क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतो, त्यामुळे खिशात वाळू असेल तर कितीही भारी काचेवर ओरखडे येणारच. म्हणून टेम्पर्ड ग्लास लावा, ती बदलता येते. आणि फोन निवडताना टेबलावर पालथा ठेवून बघा, काचेपेक्षा फ्रेमची कड जरा वर आलेली आहे का. ती असली पाहिजे. वाकलेल्या कडांची स्क्रीन दणकट फोनला अजिबात नको.

बॅटरीचं गणित वजनाशी आहे. दहा हजार एमएएचचा फोन वाटेत दगा देत नाही हे खरं, पण त्याचं वजन सहज तीनशे ग्रॅमच्या वर जातं, आणि जड फोन पडला की आदळतोही जास्त जोरात, शिवाय खिशातून ओघळून पडतो. दिवसभर चार्जिंगची सोय नसेल तरच एवढी बॅटरी घ्या. नाहीतर बदलता येणारी बॅटरी बघा, सॅमसंगच्या एक्सकव्हर ६ प्रो मध्ये ती आहे, ४०५० एमएएचची, आणि फोन आयपी ६८ पण आहे, म्हणजे उघडता येणारं मागचं झाकण असलं तरी पाणी अडवता येतं. तापमानाचं पण बघा. बऱ्याच फोनना शून्य ते पस्तीस अंशात वापरा असं सांगितलेलं असतं. उन्हात तापलेला फोन चार्जिंगला लावला की बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं, आणि शून्याखाली चार्ज केला तर आत लिथियमचा धातू साठतो, तो परत निघत नाही.

वापराच्या बारीकसारीक गोष्टी दुकानातच करून बघा. बोटं ओली करून स्क्रीन चालवा, कारण पाण्याच्या थेंबांनाही स्क्रीन बोटच समजते. हातमोजे घालत असाल तर तेच घालून चालवा. आवाज पूर्ण करून मशीनजवळ ऐकू येईल का ते बघा, बाहेर उन्हात नेऊन स्क्रीन दिसते का बघा. बाजूला एखादं जादा बटण असेल तर टॉर्च किंवा पुश टू टॉक (बटण दाबून वॉकीटॉकीसारखं बोलणं) त्यावर लावता येतं, आणि ओल्या हातांनी काम करणाऱ्याला या एका बटणाची किंमत कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा जास्त आहे.

आणि सॉफ्टवेअर. दणकट फोन पाच-सहा वर्षं टिकावा म्हणून घेतो ना आपण, मग त्याला तितकी वर्षं सिक्युरिटी अपडेट मिळायला हवेत. इथे छोट्या कंपन्या कमी पडतात, जुनं अँड्रॉइड घालून विकतात आणि विसरून जातात. कॅट नावाचे दणकट फोन बनवणारी बुलिट ही ब्रिटिश कंपनी २०२४ च्या सुरुवातीला बुडाली. याच कंपनीनं २०१६ मध्ये थर्मल कॅमेरा असलेला एस६० आणला होता, फोन दणकटच होते, पण बनवणारी कंपनीच उरली नाही तर स्पेअर पार्ट आणि अपडेट कुठून येणार. त्यामुळे किती वर्षं अपडेट ते लिखित शोधा.

आता माझं मत सांगतो. ऑफिसात बसणाऱ्याला, ज्याचा फोन क्वचित पडतो, त्याला जाडजूड फोनची गरज नाही, आयपी ६८ चा साधा फोन आणि कोपरे उचललेलं चांगलं कव्हर पुरेसं. दणकट फोन त्याच्यासाठी आहे ज्याचा फोन रोज पडतो आणि पडला तर कामच थांबतं.

(आणखी एक प्रश्न: पाण्यात पडलाच तर तांदळात ठेवायचा का?)

नको. ॲपलनं पण ठेवू नका असं सांगितलंय, तांदळाचे कण आत शिरतात. बंद करा, पुसा, पोर्ट खाली करून हलकेच झटका, हवेशीर जागी ठेवा, आणि पोर्ट पूर्ण कोरडं होईपर्यंत चार्जर लावू नका. समुद्राचं पाणी असेल आणि फोनला पाण्याचं रेटिंग असेल तर आधी गोड्या पाण्यानं हलकेच धुवा, म्हणजे मीठ पोर्टमध्ये वाळणार नाही.

(शेवटचा प्रश्न: जुना वापरलेला फोन घेतला तर सील शाबूत आहे हे कळणार कसं?)

बाहेरून नाही कळत. पण ज्या फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर आहे, त्यात दाब दाखवणारं अ‍ॅप टाका आणि स्क्रीन अंगठ्यानं दाबा. आतली हवा कोंडलेली असेल तर आकडा लगेच वर उडतो आणि मग स्पीकरच्या पडद्यातून हवा झिरपत हळूहळू खाली येतो. अजिबात हललाच नाही, किंवा उडून लगेच खाली आला, तर कुठेतरी फट आहे असं धरून चाला.