एकाच मनोऱ्याचे कॅथेड्रल

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्या गोव्याला एकदाही गेले नाही असे घर आपल्या कोकणात शोधूनच काढावे लागेल. मंडळी बहुधा प्रथम बॉम जेझूस चर्चमध्ये जाऊन संत झेवियरच्या शवपेटीचे दर्शन घेतात आणि मग जेवणाच्या घाईत रस्त्यापलीकडचे पांढरे से कॅथेड्रल दहा मिनिटांत उरकतात. आज मला बोलायचे आहे ते या उरकल्या जाणाऱ्या वास्तूविषयी. 'से' म्हणजे बिशपचे आसन आणि 'कॅथेड्रल' म्हणजेही बिशपचे आसन असलेले चर्च. तेव्हा 'से कॅथेड्रल' हा प्रकार आपल्या 'पिवळ्या पीतांबरा'सारखाच आहे, पण नाव आता तेच रूढ झाले आहे.

25 नोव्हेंबर 1510 रोजी, म्हणजे संत कॅथरीनच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला, म्हणून हे कॅथेड्रल त्या संतिणीला वाहिलेले आहे. आज दिसणाऱ्या इमारतीचे काम 1562 मध्ये सुरू झाले आणि मुख्य बांधकाम 1619 मध्ये पुरे झाले. पायाचा दगड बसवणाऱ्या गवंड्याच्या नातवाने कदाचित छताचा चुना मळला असेल, एवढा हा काळ आहे. लांबी सुमारे 76 मीटर. बाहेरचे खांब अगदी साधे, ज्याला टस्कन पद्धत म्हणतात तसे. आतले मात्र माथ्यावर पानांची नक्षी असलेले, कोरिंथियन. बाहेर साधे आणि आत श्रीमंत, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आता मला जे सांगायचे आहे ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी माझ्या मामांना घेऊन तेथे गेलो होतो. मामा सावंतवाडीकडचे, आयुष्यभर चिऱ्याची घरे बांधलेले गवंडी. देवदर्शनालाही ते खांद्याला पिशवी लावूनच जात आणि त्या पिशवीत पानसुपारीच्या शेजारी ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहायची वजन बांधलेली दोरी, असे. कॅथेड्रलसमोरच्या हिरवळीवर आल्यावर सगळे फोटो काढू लागले. (फोटो काढणाऱ्याने वास्तूकडे पाठ का करावी, हे मला आजही उमगलेले नाही.) मामांनी मात्र पिशवीतून ओळंबा काढला, हात लांब करून दोरी धरली, एक डोळा मिटला आणि मनोऱ्याची कड त्या दोरीशी जुळवून पाहू लागले.

पहारेकरी धावतच आला. "कितें करतात हांगा?" त्याचा आवाज चढलेला होता. मामांनी डोळा न उघडता शांतपणे उत्तर दिले, "भिंत वळंब्यात आसा की नाय, ता बघतंय." पहारेकऱ्याने क्षणभर मामांकडे, मग दोरीकडे, मग मनोऱ्याकडे पाहिले आणि नियमात हे बसते की नाही याचा विचार करीत तो स्वतःच दोरीमागे येऊन वाकला. मनोरा ओळंब्यात होता. मामांनी समाधानाने मान हलवली, दोरी गुंडाळली आणि विचारले, "आणि दुसरो खंय गेलो?"

कारण आपण समोर उभे राहिलो की डावीकडे मनोरा आहे आणि उजवीकडे नुसते आभाळ. तो दुसरा मनोरा 1776 मध्ये कोसळला. पहारेकऱ्याने एवढे सांगितल्यावर मामांचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता: मग परत का नाही बांधला? त्यावर तो म्हणाला की बांधायला माणसे कुठे उरली होती? त्याचे म्हणणे खरे होते. साथींच्या रोगांनी शहर ओस पडत चालले होते आणि व्हाइसरॉयने 1759 मध्येच आपला मुक्काम पणजीला हलवला होता. मामा उजवीकडच्या कोपऱ्यापाशी गेले आणि पडलेल्या बाजूची कड जेथे गिलावा करून नीट बंद केली आहे, तेथे बराच वेळ पाहत राहिले. "ज्यान कोणी ही कड बंद केली, तो जाणतो होतो," एवढेच ते बोलले. मनोरा पडला हे साऱ्यांना सांगतात, पण उघडी पडलेली भिंत पावसापासून कोणीतरी वेळेवर झाकली, हे कोणी सांगत नाही.

श्रोतेहो, या भिंती जांभ्याच्या, आणि जांभ्याची, म्हणजे आपल्या लाल चिऱ्याची, गोष्ट तुम्हाला घरची आहे. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, वाऱ्याला घट्ट होतो, पण तो सच्छिद्र असल्यामुळे पाऊस पितो. म्हणून वर चुन्याचा गिलावा हवा. पुन्हा सांगतो, चुन्याचा. (आमच्याकडच्या कित्येक देवळांच्या दीपमाळांना हल्ली चकचकीत ऑइल पेंट फासतात, दगडाला श्वास घेऊ न देण्याचा हा उद्योग ज्याने सुरू केला त्याला एका पावसाळ्यात त्या दीपमाळेखाली उभे केले पाहिजे.) जांभ्यात बारीक कोरीवकामही टिकत नाही. समोरच्या बॉम जेझूसच्या दर्शनी भागावर नक्षीसाठी जो काळा दगड वापरला आहे, तो थेट आपल्या वसईहून आणलेला.

त्या बॉम जेझूसचा गिलावा 1950 च्या दशकात मुद्दाम काढून टाकला गेला. आज पर्यटकांना आवडणारा तो लालसर रंग म्हणजे उघडा पडलेला जांभा आहे. 1605 मध्ये वास्तू पवित्र केली गेली तेव्हाचे ते रूप नव्हे. गिलावा परत चढवावा की नाही यावर गोव्यात वाद आहे. माझे मत तुम्ही ओळखलेच असेल.

परतीच्या वाटेवर मामांनी त्या लाल भिंतीवरून अंगठा फिरवला आणि मला दाखवला. अंगठ्यावर लाल भुकटी होती. तेवढ्यात कॅथेड्रलचा तो पहारेकरी रस्ता ओलांडून आमच्या मागे आला. त्याच्या घराची मागची भिंत दोन पावसाळ्यांपासून कलत होती आणि घर तेथून जवळच होते. आमची बस चुकली. मामांनी पिशवीतून पुन्हा ओळंबा काढला.