मूठ न उघडता विचारायचं कसं?

नमस्कार श्रोतेहो.

आपला पासवर्ड फुटला आहे का, हे तपासायचं तर ज्याच्याकडे फुटलेल्या पासवर्डांची यादी आहे त्याला विचारावं लागतं. आणि विचारायचं म्हणजे पासवर्ड सांगणं आलं. तोवर फुटला नसला, तर विचारताना फुटला! या पेचातून काही कंपन्यांनी आणि संशोधकांनी मिळून एक वाट काढली. आज तीच पाहू.

परीक्षेचा पेपर फुटतो, तशा वेबसाइटच्या खात्यांच्या याद्याही फुटतात. २०१३ साली अडोबी कंपनीकडून सुमारे १५ कोटी खात्यांची माहिती बाहेर गेली. त्याच वर्षी डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या ट्रॉय हंट यांनी ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही मोफत सेवा सुरू केली. तिथे ईमेल घातला की तो कुठल्या चोरीत सापडला ते कळतं. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी नुसत्या पासवर्डांची वेगळी यादी आणली, ३० कोटींहून मोठी. चोरांना खात्यांची फुटलेली यादी सोन्यासारखी. एका ठिकाणचा ईमेल आणि पासवर्ड ते यंत्राकरवी इतर शेकडो ठिकाणी लावून पाहतात. घर, दुकान आणि तिजोरी, तिन्हींना एकच किल्ली चालवणारी माणसं कमी नाहीत, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

यादी झाली, पण विचारायचं कसं? फेब्रुवारी २०१८ मध्ये क्लाउडफ्लेअर कंपनीतले अभियंते जुनेद अली यांची युक्ती हंट यांनी उचलली. ती सावकाश समजून घेऊ.

आधी ‘हॅश’ म्हणजे काय ते पाहू. एक जातं आहे असं समजा. पासवर्ड त्यात दळला की ४० अक्षरांचं पीठ पडतं. पिठाचे दाणे परत होत नाहीत, पण तोच दाणा कुणीही, कुठेही दळला तरी अगदी तेच पीठ पडतं. या जात्याचं नाव एसएचए-वन. इंग्रजी ‘पासवर्ड’ हाच शब्द, सगळी अक्षरं लहान, यात दळला तर पिठाची सुरुवात होते: पाच, बी, ए, ए, सहा. पहिलं अक्षर नुसतं मोठं केलं की सुरुवात होते: आठ, बी, ई, तीन, सी. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध लागत नाही.

मग हे ४० अक्षरी पीठच पाठवून दिलं तर? नाही चालत. फुटलेले पासवर्ड समोरच्याने आधीच दळून ठेवलेले असतात. पीठ पाहताच तो दाणा ओळखतो. म्हणून आपला फोन पहिली पाचच अक्षरं पाठवतो. समोरचा सर्व्हर म्हणतो, ‘या पाच अक्षरांनी सुरू होणारं माझ्याकडचं सगळं घे.’ उरलेल्या ३५ अक्षरांच्या शेकडो ओळी येतात, प्रत्येकीपुढे तो पासवर्ड चोऱ्यांमध्ये किती वेळा सापडला तो आकडा. जुळवाजुळव आपल्याच फोनवर होते. त्यातली कुठली ओळ आपली, किंवा एकही आपली होती की नाही, हे सर्व्हरला कळत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती अशी.

पण पाचच अक्षरं का? प्रत्येक जागी १६ चिन्हांपैकी एक येतं, म्हणजे पाच अक्षरांचे १०,४८,५७६ कप्पे होतात. तेव्हाच्या ५० कोटी पासवर्डांच्या यादीत एकेका कप्प्यात ३८१ ते ५८४ ओळी पडल्या. चार अक्षरं घेतली असती तर प्रत्येक वेळी साडेसात हजारांवर ओळी उतरवाव्या लागल्या असत्या. सहा घेतली असती तर गर्दी तिसेक ओळींची, आणि तीसजणांत लपणं म्हणजे लपणंच नव्हे.

जाणकार इथे एक शंका काढतात: एसएचए-वन तर २०१७ मध्येच मोडलं ना? मोडलं. दोन वेगळ्या फाइलींचं एकच पीठ पाडून दाखवलं गेलं. डिजिटल सहीसाठी ते घातकच. पण इथे जात्याचं काम कप्पे पाडण्याचं आहे, त्याला त्याने बाधा येत नाही.

बाधा आली ती भलतीकडून. उत्तर सांकेतिक रूपात येत असलं तरी त्याचा आकार लपत नाही. वाटेत टपून बसलेल्याला आकारावरून कप्प्याचा अंदाज बांधता आला असता. म्हणून मार्च २०२० मध्ये उत्तरात खोट्या ओळी भरून त्या ८०० ते १,००० करण्याची सोय आली. खोट्या ओळीपुढचा आकडा शून्य, फोन ती टाकून देतो.

दुसरी बाधा २०१९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवली, आणि यात विशेष म्हणजे जुनेद अली स्वतः त्यांच्या सोबत होते. ती पाच अक्षरं कुणाची, हे समोरच्याला माहीत असेल तर त्या माणसाच्या पासवर्डाचे तर्क बरेच आवळता येतात. आपल्याच युक्तीतलं भोक शोधायला हातभार लावणारी कंपनी विरळाच.

गुगलने स्टॅनफर्डच्या संशोधकांबरोबर २०१९ मध्ये दोन कुलपांची रीत वापरली. आपला फोन ईमेल आणि पासवर्ड मिळून एका पेटीत ठेवतो, स्वतःचं कुलूप लावतो आणि धाडतो. गुगल त्यावर आपलंही कुलूप घालून पेटी परत देतं. फोन आपलं कुलूप काढतो. उरते फक्त गुगलच्या कुलपाची पेटी. गुगलची सगळी यादी तशाच कुलपात असते, म्हणून पेट्या न उघडता जुळवता येतात. पहिल्या महिन्यात २.१ कोटी लॉगिन तपासले गेले, त्यांतले दीड टक्का फुटलेले निघाले.

हंट यांच्या यादीत भर घालायला पोलीसही आले. अमेरिकेच्या एफबीआयने २०२१ मध्ये तशी तयारी दाखवली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीने ५८.५ कोटी पासवर्ड दिले. त्यांतले २२.५ कोटी यादीत आधी नव्हतेच.

आता आपल्या हातातला फोन. क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, गुगल पासवर्ड मॅनेजर, त्यात ‘चेकअप’. आयफोनवर पासवर्ड्स अ‍ॅपमध्ये ‘सिक्युरिटी’. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ‘पासवर्ड तपासा’ छापाच्या लिंकवर मात्र एक अक्षरही टाइप करू नका. आणि ‘यादीत नाही’ असं उत्तर आलं म्हणून पासवर्ड भक्कम ठरत नाही. मुलाचं नाव आणि जन्मसाल कदाचित अजून फुटलं नसेल, इतकंच. १२३४५६ हा पासवर्ड मात्र २०१८ च्या यादीतच दोन कोटींहून जास्त वेळा होता.

लाल इशारा आला तर जुन्यालाच शेवटी @१२३ चिकटवू नका, ही जोडणी चोरांची यंत्रं सर्वांत आधी करून पाहतात. बदलायला सुरुवात ईमेलच्या खात्यापासून करा, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांच्या ‘पासवर्ड विसरलात?’ च्या लिंका तिथेच येऊन पडतात. मग बँक, मग उरलेली खाती.

नमस्कार.